तिघांत एक मोठी गाडी

नाशिकजवळ अंबडच्या ज्या कारखान्यात मी तपासणीला होतो, तिथं गाड्यांचे सुटे भाग बनायचे. अख्खी गाडी आमच्या दारातून कधी बाहेर पडली नाही. ब्रॅकेट, क्लॅम्प, पेडलचा एखादा तुकडा, एवढंच. तरी जेवणाच्या सुट्टीत आमचं बोलणं गाड्यांवरच यायचं.

आम्ही म्हणजे तिघं. एक टूलरूममधला, साचे बनवणारा, सिडकोत माझ्या मागच्याच गल्लीत राहणारा, कुणाचं सहसा ऐकून न घेणारा. दुसरा प्रेसशॉपमधला, पेठ तालुक्याच्या डोंगरातला. तो खोली करून अंबड गावातच राहायचा. त्याचे आईवडील गावाकडे भात आणि नागली, म्हणजे नाचणी, करायचे. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आम्ही दोन मोटरसायकली घेऊन सुट्टीच्या दिवशी त्याच्या गावी जायचो. डांबर एका फाट्यावर संपायचं. पुढं दगडांची वाट, दोन ओहोळ आणि शेवटी मुरमाचा एक घसरडा चढ. त्या चढावर मागं बसणाऱ्यानं उतरून चालायचं, हे ठरलेलं.

एकदा हिवाळ्यात आम्ही बायकामुलांना घेऊन गेलो. फाट्यापर्यंत एस.टी. आणि मग पायी. माझी मुलगी तेव्हा लहान होती, ती अर्ध्या वाटेपासून माझ्या बायकोच्या कडेवर. पोचलो तेव्हा मित्राच्या आईनं चुलीवर नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी केली होती. जेवताना माझी बायको तिला म्हणाली, "आई, तुम्ही या ना एकदा नाशिकला. आमच्याकडे राहा चार दिवस."

म्हातारी हसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "हे गुडघे नाय येत बाई. फाट्यापर्यंत कोण नेईल मला? पाठुंगळी?"

परतताना फाट्यावर एस.टी.ची वाट बघत बसलो तेव्हा टूलरूमवाला म्हणाला, "एक गाडी घेऊ. तिघांत. मोठी. सगळे एकदम बसतील आणि त्या चढावर रडणार नाही अशी."

आता अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात. आम्ही नुसतं 'मोठी गाडी' म्हणायचो. नवी घ्यायचा प्रश्नच नव्हता. आग्रा रोडला जुन्या गाड्या विकणारे होते, कुठं एखाद्या सरकारी खात्याच्या जीप लिलावात निघायच्या. सुट्टी आली की आम्ही तिकडे जायचो. मला फोर व्हील ड्राइव्ह हवी होती. गिअरशेजारचं ते दुसरं छोटं लिव्हर बघितलं की मला ती गाडी खरी वाटायची.

टूलरूमवाला चिडायचा. "तुला काय हिमालयात जायचंय? दोन ओहोळ आणि एक चढ. त्याला पोटाखाली उंची लागते आणि खालच्या गिअरला ताकद. फोर व्हील घेशील आणि आयुष्यभर तिचं ग्रीसिंग करशील."

"पण पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात तिथं बैल अडकतो. पावसाळ्यात जायचंच नाही."

तो प्रत्येक गाडीखाली आडवा व्हायचा. कपड्यांची पर्वा न करता आत सरकायचा आणि खालून ओरडून सांगायचा, चासी सडलीय, पाट्याला वेल्डिंग मारलंय, ही नको. पेठवाल्याचं बघणं वेगळं होतं. तो मागचं दार उघडायचा आणि पायरीपुढं उभा राहायचा. कधी स्वतः गुडघा न वाकवता चढून बघायचा. आम्ही हसायचो. तो मात्र हसायचा नाही. "आईला जमलं पायजे," म्हणायचा. "नाहीतर काय उपयोग?"

अडचण हीच होती. वाटेला उंच गाडी हवी आणि आईला ठेंगणी. उंच गाडीला पायरी जोडता येईल, असं टूलरूमवाला म्हणायचा, मग ती पायरीच दगडाला लागेल, असं मी म्हणायचो. या एका गोष्टीवर आम्ही किती चहा प्यायलो असू! कधी मागची समोरासमोरची बाकं बरी वाटायची, सगळे एकमेकांकडे तोंड करून बसतील म्हणून. मग माझ्या बायकोला आडवं बसून उलटी होते, हे आठवायचं.

शेवटी सापडली. पांढरी, डिझेलची, लांबरुंद. कालव्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराची होती. फोर व्हील नव्हती, पण पोटाखाली उंची चांगली होती, आणि मधल्या दाराला कंत्राटदारानं स्वतःच्या वडिलांसाठी एक दुमडणारी पायरी करून घेतली होती. दगड आला की वर घ्यायची. पेठवाल्यानं ती पायरी खाली-वर, खाली-वर करून पाहिली. टूलरूमवाला गाडीखालून बाहेर आला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "चासी शाबूत आहे."

आम्ही ती गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला नेली. उन्हाळ्यानं पाणी उतरलेलं, काठावर गोटे आणि वाळलेला गाळ. पेठवाल्यानं चालवली. आजूबाजूला मळे असलेल्या एका उतारावरून तो तिला इतक्या सावकाश खाली घेऊन आला की आमच्या हातातल्या पेल्यांतलं पाणी सांडलं नाही. मग तोच उतार उलटा चढला. वर थांबून त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "ही चढंल," तो म्हणाला. "आमचा चढ ही चढंल."

कंत्राटदाराला आम्ही शब्द दिला, दिवाळीनंतर, बोनस हातात आला की नेतो. तोही थांबायला तयार झाला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही कामावर गेलो तर गेटला कुलूप होतं. बाहेर माणसंच माणसं. कुणी म्हणत होतं चार दिवसांत उघडेल, कुणी म्हणत होतं मशिनी आधीच दुसरीकडे हलवल्यात. टूलरूमवाला गजांतून आत बघत राहिला. त्याची डाय, म्हणजे साचा, आत अर्धवट सोडलेली होती, तिची त्याला काळजी. "मशिनच्या बेडवर तशीच आहे," तो सारखा म्हणायचा. "गंजेल ती."

गेटसमोर युनियननं मांडव घातला. आम्ही रोज तिथं जाऊन बसायचो. घोषणा द्यायचो, पुढाऱ्यांची भाषणं ऐकायचो. काही महिन्यांनी मांडवात माणसं कमी झाली आणि मग मांडवही उठला. पांढरी गाडी केव्हाच गेली होती. कंत्राटदारानं दोनदा निरोप पाठवला होता, आम्ही काही कळवलं नाही.

तरी आम्ही गाड्या बघायला जातच राहिलो. खरं सांगतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. घरी बसवत नव्हतं. टूलरूमवाला गाडीखाली जायचा, मी लिव्हर हलवून बघायचो, पेठवाला पायरीपाशी उभा राहायचा. विकणारे आधी चहा सांगायचे. मग नुसतं "बघा" म्हणायचे. एक दिवस एकानं आम्हाला आत येताना पाहिलं आणि पोऱ्याला म्हणाला, "किल्ली देऊ नको त्यांना." मोठ्यानं नाही, पण ऐकू आलं. आम्ही परत फिरलो. पुन्हा गेलो नाही.

टूलरूमवाला वापीला गेला. पहिली दोन वर्षं दिवाळीला आला, मग बिऱ्हाडच तिकडे नेलं. पेठवाला गावी परतला. मला बरीच वर्षं भटकल्यावर नाशिकच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली. खाकी शर्ट, शिट्टी आणि कोणती गाडी कुठं, हे सांगायचं.

एका दुपारी तळघरात उतरणाऱ्या वाटेवर एक काळी, प्रचंड गाडी आली. खांबांमध्ये मावली नसती, म्हणून मी तिला बाहेर उघड्यावर लावायला सांगितलं. काच खाली झाली. आत पांढऱ्या शर्टात पेठवाला होता. त्याचे केस पिकले होते.

निफाडच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे तो ड्रायव्हर होता. मालकीण दारातच उतरून आत खरेदीला गेली होती. त्यानं मला शेजारी बसवलं. गाडीत थंडगार होतं. गिअरच्या शेजारी फोर व्हीलचं बटण होतं, लिव्हरसुद्धा नाही.

"कधी वापरलंस का हे?" मी विचारलं.

"नाय. मातीत घातलीच नाय कधी. मालकाला चिखल खपत नाय."

"आई कशी आहे?"

"गेली. तिसरं वरीस आता." तो समोर बघत होता. "आजारी पडली तवा बाजेवर घातली. फाट्यापर्यंत चौघांनी नेली. तिथंच..."

मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "आता रस्ता झालाय गावाला. पार घरापर्यंत डांबर. एस.टी. पण जाते."

"मग चांगलं झालं की."

"कुणासाठी? सगळी निफाडकडंच हायेत, द्राक्षाच्या कामाला. गाडी रिकामी जाते, रिकामी येते."

मालकीण पिशव्या घेऊन आली. तो झटकन उतरला, दार उघडलं आणि पिशव्या मागं ठेवल्या. माझी ओळख वगैरे करून दिली नाही. मीही शिट्टी वाजवून गाडी मागं घ्यायला जागा करून दिली.

त्यानंतर तो चार-पाचदा आला. दरवेळी पाच मिनिटं बोलायचो, गाड्यांबद्दल मात्र नाही. मग एकदा तीच काळी गाडी आली तर चालवायला दुसराच होता. मी विचारलं, "आधीचा ड्रायव्हर कुठाय?"

"माहीत नाही, काका," तो म्हणाला. "मी नवीन आहे. गाडी कुठं लावू?"