वाळवंटातली डांगरवाडी

हडपसरच्या एका छोट्या कंपनीत मी कॉम्प्युटर गेम तपासण्याचं काम करायचे. परदेशी गिऱ्हाइकासाठी आम्ही एक गेम बनवत होतो. नदीकाठी वस्ती वसवायची, शेती करायची आणि शेजाऱ्याच्या आधी शंभर घरांचं नगर उभं करायचं. नकाशा चौकोनांचा होता. हिरव्या चौकोनात धान्य पिकायचं, पिवळ्यात, म्हणजे वाळवंटात, शून्य. नदीला खेटून असलेल्या वाळवंटातही शून्यच. ते मला खटकलं, म्हणून मी चुकांच्या यादीत लिहून टाकलं.

आमचे प्रमुख सदाशिव पेठेतले. यादी वाचून म्हणाले, "वाळवंटात शेती? अहो, मग समुद्रात ऊस लावू या का?"

सगळे हसले. मीही हसले, पण बिबवेवाडीला घरी पोचेपर्यंत ते डोक्यातून जाईना.

तेव्हा आई वैनगंगेकाठच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली होती. तिला सांगितलं, तर तिने भाकरी थापायची थांबवली. "वाळवंटात पिकत नाही म्हणते? आपली डांगरवाडी कुठं होती मंग?"

डांगर म्हणजे आमच्याकडे टरबूज. पावसाळा संपून पाणी उतरलं की नदीच्या उघड्या वाळूत आई चर खणायची, त्यात गाळ आणि शेणखत भरून बी लावायची. वरून वाळू तापलेली, खाली हातभरावर ओल. उन्हाळ्यात दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं फळ. मी त्यावरच वाढले होते आणि नकाशासमोर मात्र नुसतं 'खटकतं' एवढंच म्हणू शकले होते.

शनिवारी आईला ऑफिसात नेलं. ती पदर सावरून खुर्चीत बसली. मी नदीकाठी शेत टाकलं, तेवढ्यात गेममधल्या नदीला दरवर्षी येणारा पूर पडद्यावर आला.

"पूर उतरायच्या आधीच पेरलं?" ती चिडली. "आधी त्याले येऊ दे, गाळ टाकून जाऊ दे. मंग लाव."

नियम तिथेच सापडला. पुराआधी पेरलं तर सगळं वाहून जाणार. पूर गेल्यावर पेरलं तर हिरव्या चौकोनाच्या दुप्पट पीक. नदीपासून दूरच्या वाळवंटात पूर्वीसारखंच शून्य. आमच्या प्रोग्रामरने दोन दिवसांत ते बसवलं आणि वाळूतल्या पिकाला डांगराचं चित्र दिलं.

प्रमुख म्हणाले, "सिद्ध करा. मी हिरव्यात बसतो, आपण आपल्या वाळवंटात."

डबे खाऊन झाल्यावर आम्ही समोरासमोर बसलो. मागे सगळं ऑफिस उभं. सुरुवातीला त्यांची शेतं भराभर पिकली, माझी माणसं नुसती चर खणत बसली होती. "काय, समुद्र खणताय का?" त्यांनी विचारलं. मी आणखी चार माणसं खणायला लावली. पूर आला. पेरायचा मोह झाला तरी थांबले. पाणी उतरलं, पिवळे चौकोन काळसर झाले आणि मग मी एका झटक्यात सगळा काठ पेरला. पुढच्या हंगामात माझी कोठारं भरून वाहू लागली. त्यांची साठ घरं झाली तेव्हा माझं शंभरावं घर उभं राहिलं होतं. मागून एवढा ओरडा झाला की शेजारच्या ऑफिसातली माणसं दारात आली. मी खुर्चीवरून उठले. इतकं ताठ मी पुण्यात आल्यापासून उभी राहिले नव्हते.

प्रमुखांनी चष्मा पुसला. "आपल्या मातोश्रींना विचारा, सोमवारपासून येता येईल का."

गिऱ्हाइकाने तो नियम जसाच्या तसा ठेवला. गेमच्या शेवटी आमची नावं सरकत जातात, तिथे प्रमुखांनी स्वतःहून एक ओळ घातली. 'शेतीविषयक सल्लागार' आणि पुढे आईचं पूर्ण नाव.

ते पाहायला तिला पुन्हा ऑफिसात आणलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवत आपलं नाव दोनदा वाचलं. मग प्रमुखांकडे वळून म्हणाली, "साहेब, नुसती डांगरं कशाले? काकडीबी लावा ना."

"लावतो," ते म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं.