शेलार सर आणि न धावलेली शर्यत

शेलार सर नव्वदच्या दशकात दौंड तालुक्यातल्या आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झाले. मी मराठी शिकवत असे. मैदानाशी माझा संबंध झेंडावंदनापुरता. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी रिवाजाप्रमाणे "पोर्शन राहिलाय" म्हणून त्यांचा खेळाचा तास मागितला. शेलार सरांनी तो हसत दिला. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला वर्गाच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "माझाही पोर्शन राहिलाय." पुढे त्यांच्या तासावर कोणी डोळा ठेवला नाही.

सर मूळचे तळेगाव ढमढेऱ्याचे. शिरूरच्या एका लहान कॉलेजकडून ते आठशे मीटर धावत. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी त्यांचा गुडघा सुजला होता, तरी कॉलेजच्या नावासाठी त्यांना पळवलं गेलं. पदक मिळालं, पण सर पुन्हा कधी धावले नाहीत. हे ते कोणालाही बोल न लावता सांगतात.

सर मृदू स्वभावाचे आहेत, असं मी गौरवलेखातही लिहिणार नाही. उशिरा येणाऱ्याला ते सरळ घरी पाठवत. मात्र उपाशी आलेलं मूल त्यांना चालण्यावरून कळे आणि वहिनींनी बांधून दिलेली जास्तीची भाकरी गुपचूप त्याच्या हाती पडे.

आमच्या शाळेतली सुरेखा राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. निघायच्या आदल्या दिवशी तिची चाल खटकली, म्हणून सरांनी तिला एका पायावर उड्या मारायला लावल्या. "दुखत न्हाई सर," ती म्हणाली, पण चेहरा पांढरा पडला होता. दौंडच्या डॉक्टरांना हाडाला बारीक चीर असल्याची शंका आली. पट्टी बांधून धावेलही, असं मात्र ते म्हणाले. सरांनी तिला न्यायचं नाही असं ठरवलं.

कुरकुंभच्या कंपनीतली पाळी संपवून तिचे वडील थेट शाळेत आले. "सर, पोरीला एवढी संधी आलीया. पळू द्या की."

"आप्पा, पळंल ती. जिंकंल बी. पन पाय कायमचा गेला, तर आज पळ म्हननारं कुणी तुमच्या दारात येनार न्हाई."

सर तेव्हा कायम नव्हते. ही मुलगी धावली नाही तर तुम्हाला कायम करण्याचा विषय निघणार नाही, असं संस्थेच्या सचिवांनी त्यांना स्पष्टच ऐकवलं. मी सरांवरच चिडले. घरी दोन लेकरं आहेत, त्यांचा तरी विचार करा, म्हटलं. ते म्हणाले, "बाई, ते माझं मी बघतो. पाय तिचा आहे."

सचिवांनी शब्द खरा केला. सरांनी पुढली कित्येक वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सुरेखालाही तशी संधी पुन्हा आली नाही. सरांचा निर्णय बरोबरच होता, असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण तो घेताना त्यांनी स्वतःचा विचार केला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सरांच्या साठीनिमित्त लिहायचं म्हणून पाटसला सुरेखाच्या सासरी गेले. ती म्हणाली, "बाई, तवा सरांचा लई राग आला हुता. आजबी थोडा हायच. पन माझी पोर पळायला लागली, तवा तिला त्यांच्याच हाती दिली."

निवृत्तीनंतरही सर रोज सकाळी मैदानावर असतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. सुरेखाची मुलगी आत्ता कुठे चौथीत आहे.