पिल्लाची पंगत

वाटूरच्या चारी अंगाच्या गावांत माझ्यासारखा वाढपी हुडकून सापडायचा न्हाई. ज्या एका पाव्हण्याला मी सगळ्यात मायेनं वाढलं त्याला तीन दिवस सलाईन लावावं लागलं, अन् ते पाव्हणं म्हंजे दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू होतं.

शाळेचं विचारू नका. दुसरीत मी दोन वर्षं बसलो, तिसऱ्या वर्षी मास्तरनंच हात जोडले. पण लग्न असू द्या, तेरवी असू द्या, बुंदीची बादली माझ्याच हातात. हे काही अकलेचं काम न्हाई. वाकता आलं अन् बादली धरता आली की झालं. पण मला दुसरं काहीच येत न्हाई, म्हून त्याचाच टेंभा मिरवत फिरतो.

पिल्लू माझ्या बायकोनं आणलं. ती मोसंबीच्या बागेत कामाला जाती. तिथं बांधावर कुत्री व्यालती, ती रस्त्यावर गाडीखाली गेली अन् मागं हे एकटंच राह्यलं. बायकोनं ते पदरात गुंडाळून आणलं. म्हणली, मी दिवसभर बागेत असते, ह्याच्या खाण्याचं तुमी बघा. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तिनं जितं-जागतं काही माझ्या भरोशावर सोडलं ते हे पहिलंच. कोंबड्या सुद्धा ती शेजारणीला सांगून जायची.

मी लागलो कामाला. सकाळी दूध-भाकर, दुपारी दूध-भाकर, सांजच्याला भाकर-दूध. ज्यांच्या घरी कुत्र्यासाठी दुकानातून पिशवीतलं तयार खाणं आणतात, त्यांना मी चारचौघात हसायचो. म्हणायचो, उद्या कुत्र्याला पाट मांडून बसवतेल. महिनाभरात पिल्लाचं पोट फुगून घागर झालं, पाय काड्यावानी, केस राठ. मला वाटलं, पोट सुटलं म्हंजे मानवलं. माझंही असंच आहे ना. बायकोनं माझ्या पोटाकडं बघितलं, पिल्लाच्या पोटाकडं बघितलं, अन् म्हणली, जनावरांच्या दवाखान्यात दाखवून आणा.

तिथं डाक्टरीणबाई होत्या, आमच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी जंताचं औषध दिलं. मंग समजावून सांगितलं की नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू अंग धरत न्हाई. मेन जेवण पिल्लांसाठी मिळतं ते पिशवीतलंच ठेवा, अन् त्याच्या जोडीला चवीत बदल म्हून थोडं उकडलेलं अंडं, लाल भोपळा, गाजर, बिगर हाडाचं चिकन, केळाचा तुकडा, असं चालतं. मीठ-तिखट बिलकुल न्हाई. शेवटी म्हणल्या, "अन् मामा, नवीन वस्तू एकेक द्या."

मी म्हणलं, कळलं. त्यांचं तोंड मिटायच्या आधीच म्हणलं. लिहिता येत न्हाई म्हून बोटांवर वस्तू मोजल्या, पाची बोटं भरली, अन् मी लई खूश.

आता पंगतीत 'एकेक' म्हंजे काय? म्होरक्या ओरडतो, एकेक वाढत चला. म्हंजे कोणतंच ताट रिकामं राहू द्यायचं न्हाई, हरेकाच्या ताटात सगळे पदार्थ एकेक पडले पाह्यजेत. जल्मभर मी हेच केलं. हा शब्द मला बाई शिकवतेल व्हय?

येताना फाट्यावर चहाला थांबलो. तिथं दिवसभर बाकडं झिजवणारे चार-पाच जण असतात. त्यांच्या घरच्या कुत्र्यांच्या बरगड्या मोजून घ्या, पण सल्ला मागा, लगेच मान वर करतेल. एक म्हणला, तूप घाल, अंगावर चकाकी येती. दुसरा म्हणला, काळे मनुके खाऊ घाल, ताकद येती. त्यानं तर कुठून तरी मूठभर आणून माझ्या हातावर टेकवले. मी ते खिशात टाकले. त्या रिकामटेकड्यांचं ऐकणारा त्यांच्याहून रिकामा असतो, अन् तो मीच होतो.

दुसऱ्या दिवशी बायको बागेत गेली अन् मी पंगत मांडली. खणांचं स्टीलचं ताट काढलं. एक अख्खं अंडं. एक गाजर किसून. एक केळ. भोपळ्याच्या वाटीभर फोडी. आदल्या दिवशीच्या रश्श्यातलं चिकन नळाखाली धुतलं, म्हंजे माझ्या हिशोबानं ते आळणी झालं. वरून तुपाची धार. ताट पिल्लापुढं ठेवलं अन् म्हणलं, होऊ द्या सावकाश. ते सावकाश कशाला करतंय. अर्ध्या घटकेत ताट चाटून पुसून साफ. मी केळ दुसऱ्यांदा वाढलं. पाव्हण्याला आग्रह करायचा असतो.

दुपारून त्याला उलट्या सुरू झाल्या. मंग हगवण. बायको परत आली तव्हा ते चुलीजवळ आडवं पडल्तं, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट हलवायचं तर नुसतं टोक हललं. मी म्हणलं, जरा जास्तच जेवलं वाटतं. तिनं पिल्लू उचललं अन् चालायला लागली. रिक्षात ती पुढं बघत बसली अन् तिचा अंगठा सारखा पिल्लाच्या बरगड्यांवर फिरून राह्यलता, श्वास चालू आहे का बघायला. तिला मी तिच्या आईच्या मैतीला पण असं गप बघितलं न्हवतं.

डाक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं. मी ताट वाढल्यासारखं सगळं सांगितलं, कोणत्या खणात काय ते सुद्धा. त्यांनी रश्श्याचं ऐकून कपाळाला हात लावला. कांदा-लसूण कुत्र्याला विष असतंय, धुतल्यानं जात न्हाई, म्हणल्या. मंग लगेच, "द्राक्षं न्हाई ना दिली? मनुके?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी खिशात हात घातला. खिसा रिकामा. मला आठवलं, सकाळी ताट मांडता मांडता मीच ते एकेक करून खाल्लते. मनुक्यांनी लहान पिल्लाची किडनी जाऊ शकती, असं बाई म्हणल्या. आयुष्यात माझ्या हावरटपणानं कुणाचा जीव वाचला तो तेवढाच.

सलाईन लावताना बाईंनी मला लहान लेकराला सांगतात तसं सांगितलं. एकेक म्हंजे एका टायमाला एकच नवी वस्तू, बोटाच्या पेराएवढी. मंग दोन-तीन दिवस बघायचं, पोट ठीक राह्यलं तरच दुसरी. असं केलं म्हंजे काय बाधलं ते कळतं. "तुम्ही सगळं एकदम घातलं. आता मी कशाला दोष देऊ?" मला वाटलं, मला द्या. पण ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

तीन दिवस जाऊन-येऊन पिल्लू वाचलं. बायकोनं त्याची वाटी उचलून फळीवर ठेवली, माझा हात पुरत न्हाई तिथं. ती पहाटं लवकर उठून त्याचं खाणं करायला लागली. आधी नुसता मऊ भात अन् उकडलेलं चिकन. मंग हळूहळू पिशवीतलं, मी हसायचो ते. मंग चमचाभर भोपळा, अन् खिळ्याला टांगलेल्या दोरीला एक गाठ. रोज एक गाठ. तीन गाठी झाल्या की नवी वस्तू, अंड्याचा चतकोर. अजून तीन गाठी, उकडलेलं गाजर, दाबून मऊ केलेलं. तीही माझ्यासारखीच अंगठेबहाद्दर, पण तिला दोरी सुचली अन् मला बादली. मी खाटेवर बसून बघायचो. पिल्लू तिच्या पायात घोटाळायचं अन् माझ्याकडं आलं तर वास घेऊन परत जायचं.

महिन्यानं पुन्हा दाखवायला नेलं. पोट उतरलं होतं, केस मऊ झाल्ते, वजन बराबर. डाक्टरीणबाई म्हणल्या, सगळं पचवून राह्यलंय, आता चमचाभर दही द्यायला हरकत न्हाई. हे मी नीट ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं, अन् काय समजलं ते त्यांना पुन्हा म्हणून दाखवलं. त्या हो म्हणल्या.

घरी आल्यावर मी खुर्चीवर चढून वाटी काढली. एकच चमचा दही घेतलं, काठोकाठ सुद्धा न्हाई. पिल्लू शेपूट हलवत पुढं आलं. मला इतकं बरं वाटलं की मी बायकोला हाक मारून म्हणलं, बघ, डाक्टरनं सांगितलं तेवढंच घेतलंय.

ती हात पुसत बाहेर आली. "डाक्टरनं पिल्लाचं पोट तपासलं, तुमचं डोस्कं न्हाई. वाटी परत फळीवर ठिवा."