करंगळीएवढी वाट

लहान मुलांच्या वॉर्डात महिनाभर राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, धुवायच्या कपड्यांसारखे आपोआप साचतात. मी चारचौघांत फारशी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझा भाऊ राघू दिवस भरायच्या आधीच जन्मला. बरेच दिवस मशीनची नळी घशात राहिल्याने त्याची श्वासनलिका आतून आकसली. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वासासाठी छोटी नळी बसवली. वरचा अरुंद भाग ते अधूनमधून भूल देऊन रुंद करायचे. तो पुरेसा रुंद झाला, तरच ही नळी निघणार होती.

* * *

"वाट केवढी हवी?" देवनहळ्ळीच्या मामांनी विचारलं.

"साधारण त्याच्या करंगळीएवढी," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून मामा राघूच्या करंगळीला खोबरेल तेल चोळू लागले. ती जाड झाली की वाटही रुंद होणार, हा त्यांचा हिशोब. डॉक्टरांनी एकदा पाहिलं.

"चालू द्या," ते म्हणाले. "दुसरी राहिलीय मात्र."

* * *

नळी आहे तोवर हवा गळ्यातूनच बाहेर पडते, आवाजापर्यंत पोचत नाही. त्यामुळे राघू रडला तरी ऐकू येत नसे.

इंदिरानगरहून आमच्या ओळखीच्या सरोजा अक्का भेटायला आल्या आणि पाळण्याकडे पाठ करून मोसंबी सोलत बसल्या. "काय शहाणं मूल गं! तासभर बसलेय, हूं नाही की चूं नाही. आमची नात असती तर छप्पर उडवलं असतं."

त्यांच्या पाठीमागे राघू लालबुंद होऊन, तोंड वासून रडत होता.

"सरी, बरं अक्का," आई त्याला उचलत म्हणाली, "तिला काही दिवस इकडे पाठवा."

* * *

मग आईने त्याच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले. रडताना तो पाय झाडायचा. वाळे वाजले की आम्ही धावायचो.

थिएटरमध्ये नेताना सिस्टरनी ते काढून अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना दिले. अण्णांनी खिशात टाकले आणि बाहेर येरझाऱ्या सुरू केल्या. प्रत्येक फेरीला आई दचकून उठायची.

शेवटी म्हणाली, "अहो, तुम्ही चालताय की रडताय, ते तरी कळू द्या."

* * *

चौथ्यांदा रुंद केल्यावर डॉक्टरांनी गळ्यातल्या नळीला बूच लावलं. आता श्वास वरच्या वाटेनेच घ्यायचा. जमला तर नळी निघणार, नाहीतर पुन्हा भूल. अण्णांना बघवेना, ते कॉरिडॉरच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.

राघूने डॉक्टरांकडे रागाने पाहिलं आणि रडला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. स्वतःच दचकून क्षणभर थांबला, मग आणखी मोठ्याने.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. "अम्मा, स्वल्प गप्प करा त्याला. छाती ऐकायचीय."

आई उठली आणि तिने वॉर्डाचं दार सताड उघडलं.