शांतवनभाऊंची विनंती

सेक्टर दहामधले शांतवनभाऊ निवृत्त क्रेन ऑपरेटर. नऊ वर्षांपूर्वी सोडलेल्या दारूची यंदा त्यांना पुन्हा तलफ येऊ लागली. त्यांनी ते फक्त जुने मित्र प्रभुदास यांना सांगितले. प्रभुदासांनी माझ्या घरी दर बुधवारी भरणाऱ्या चर्चच्या प्रार्थनासभेत, सगळ्यांसमोर, त्यासाठी प्रार्थनेची विनंती केली.

सभा सुटल्यावर भाऊंनी त्यांना गाठले. "कावून सांगतलं बे सगळ्याइले?"

"प्रार्थनेसाठीच तं सांगतलं, गड्या!"

पुढच्या बुधवारी विनंत्या सांगायची पाळी शांतवनभाऊंची होती. प्रभुदासांची मुलगी सासर सोडून आल्याचे बाहेरच्यांत एकट्या भाऊंनाच ठाऊक होते. ते उठले आणि प्रभुदासांकडे पाहत राहिले. सूड ओठांवर आला होता. प्रभुदासांनी मान खाली घातली.

"याच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा," एवढेच बोलून भाऊ बसले.

सभेनंतर प्रभुदासांनी नेहमीप्रमाणे भाऊंना घरी सोडायला स्कूटर सुरू केली. भाऊ मात्र पायीच घरी गेले.