दहाव्याला दिलेला शब्द

वारसांची कागदपत्रं करून देणं हा माझा व्यवसाय. खराडीच्या एका शेतकऱ्याच्या दहाव्याला मी घाटावर गेलो, तेव्हा त्याच्या मुलीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा माझ्या बॅगेत होता. जमिनीतला आपला वाटा तिनं भावाला सोडायचा, असं भावानं परस्पर ठरवलं होतं. तिला विचारायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्याचीच मला धास्ती होती.

पण कावळा पिंडाला शिवेना. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं संपली, तरी तो झाडावरच. भावानं हात जोडले. "आबा, आईला सांभाळीन." कावळा ढिम्म. "धाकट्याचं लग्न थाटात करीन." तरी नाही. ऊन चढत होतं. एकेक जण बहिणीकडे बघायला लागला. ती खाली मान घालून उभी होती.

"आक्काच्या वाट्याचं बोल की लेका," चुलते खेकसले. "म्हाताऱ्याचा जीव तिथंच अडकला हाय."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी कावळ्याकडे.

"आक्काचा वाटा आक्काला देईन," तो पुटपुटला.

"मोठ्यानं! कावळा वर हाय."

तो मोठ्यानं म्हणाला. कावळा उतरला. तोवर लोक मागे सरले होते, म्हणूनही उतरला असेल. मी काही कावळ्याचा वकील नाही.

बहीण हळूच माझ्याजवळ आली. "साहेब, हे आत्ताच लिहून घेता येईल का? घरी गेल्यावर दादा कावळ्याला ओळखायचा नाही."

मी मसुदा उलटा केला, कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं आणि पहिली सही चुलत्यांची मागितली.