उन्हातलं इरलं

पोलादपूरच्या बाजारात भर चैत्रात एक बाई इरलं घेऊन आली, तेव्हा हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. इरलं म्हणजे कामट्यांचं आणि पानांचं छप्पर. पावसात भात लावताना बायका ते डोक्यापाठीवर घेतात आणि दसरा उलटला की माळ्यावर टाकून देतात. इथे तर आभाळात ढगाचा तुकडा नव्हता आणि रस्त्यावरची धूळ तव्यासारखी तापली होती.

"काय गो रंगूबाय, पाऊस काय तुज्या एकटीवरच पडतो?" मिरच्या विकणाऱ्या बाईने विचारलं.

"व्हय. वाटंत भेटला व्हता, तुजी चवकशी करीत व्हता," रंगूबाई म्हणाली आणि मीठ घेऊन पुढे गेली.

चवदार तळ्यावरून महाडात मोठी गडबड झाली, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. रंगूबाई कशेडीच्या अंगाला डोंगरावरच्या एका वाडीत राहायची. नवरा रावजी मुंबईला गोदीत कामाला, वर्षाला शिमग्याला यायचा. घरची नाचणी-वरी तीच बघायची, आणि पंचक्रोशीतली सुईणही तीच होती. आसपासच्या वाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातांतून जगात आली होती, आणि त्यातल्या कुणी गुण उधळले तर लोक तिलाच बोल लावायचे, "तूच आणलीस ही पीडा!"

बाजारातल्या त्या दिवसाच्या दोन-तीन सालं आधी, भातकापणीच्या सुमारास तिच्या तोंडावर काहीतरी उठलं. नाकाच्या दांडीपासून दोन्ही गालांवर तांबडे चट्टे आले, कुणी ओल्या कुंकवाचा हात फिरवावा तसे. आग व्हायची, कधी पापुद्रे सुटायचे. आज जाईल, उद्या जाईल म्हणता म्हणता होळी आली तरी चट्टे जागचे हलले नाहीत. लेकीचं, शकूचं, लग्न आदल्याच उन्हाळ्यात उरकलं होतं, तेवढं बरं झालं.

आता आपल्याकडे कुणाला काही झालं की घरागणिक एक वैद्य निघतो. कुणी टाकळ्याचा पाला वाटून लावला, कुणी करंजाचं तेल चोळलं, कुणी कडुलिंबाच्या काढ्याने तोंड असं धुवायला लावलं की बिचारीला आठवडाभर भाकरीसुद्धा कडू लागली. रावजीने मुंबईहून मलमाची डबी आणली. "फस्क्लास चीज हाय. गोदीतल्या सायबाची मेम लावते," तो म्हणाला. मेमेची कातडी वेगळी असावी. रंगूबाईच्या गालावर फोड आले, आणि उरलेलं मलम बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला लावलं. बैल बरा झाला.

महिपत भगताने कौल लावला आणि सांगितलं, देवीचा कोप आहे, कोंबडा द्यावा लागेल. कोंबडा दिला. पुढे आषाढात चट्टे खरोखरच निवळले. महिपत छाती काढून वाडीभर फिरला. दिवाळीनंतर ते परत उठले, तेव्हा तो म्हणाला, कोंबडा लहान होता. मोठा दिला. पुन्हा आषाढ आला, चट्टे गेले. दिवाळी गेली, चट्टे आले. सगळी वाडी महिपतला मानत होती. कोंबडा दरवर्षी शिमग्याला कापायचा आणि गुण पावसात यायचा, याचं कुणालाच काही वाटलं नाही.

रंगूबाईला वाटलं. ती एकटीच चुलीपाशी बसून विचार करत राहिली. पावसाळ्यात मी वेगळं काय करते? खाणं तेच, पाणी तेच. वेगळं एकच, दिवसभर डोक्यावर इरलं असतं. तिने माळ्यावरचं जुनं इरलं काढलं, कोयत्याने निम्मं कापून हलकं केलं आणि उन्हात घेऊन निघाली. लोक हसले. महिपत तर चिडला, कारण त्या साली त्याचा कोंबडा बुडाला. पण चैत्र-वैशाख सरला तरी चट्टे अंगणातल्या पाहुण्यासारखे बेतानेच राहिले. गेले नाहीत हो, ते कधीच गेले नाहीत. पण उन्हात उघडं तोंड गेलं की भडकायचे आणि इरल्याखाली दमाने राहायचे, एवढं तिला कळलं आणि एवढ्यावर तिने संसार ओढला. मला विचाराल तर यातच तिचं मोठेपण आहे. मुळापर्यंत न पोचताही दुखण्याशी तिने वागायची रीत बसवली.

माणसांशी वागणं मात्र जड गेलं. बायका आधी कुजबुजल्या, मग उघड म्हणू लागल्या, ही रक्तपितीची, म्हणजे महारोगाची, सुरुवात. पाणवठ्यावर तिला सांगण्यात आलं, सगळ्यांचं भरून झालं की ये. ती उभी राहायची. आपणही आजवर किती जणांना असंच लांब उभं केलं, हे तिच्या तिथे उभ्याउभ्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. बाळंतपणाची बोलावणी थांबली. पोरं टक लावून बघायची, तेव्हा ती खाली बसून तोंड पुढे करायची. "बघा नीट. झालं बघून? मंग जा खेळायला." पोरं खेळायला जायची. मोठ्या माणसांना मात्र अशी सोय नव्हती.

हे सगळं तिने सोसलं. पुढच्या साली शकूला दिवस गेले, तेव्हा मात्र तिचा धीर सुटायची वेळ आली. शकू महाडच्या अलीकडे सावित्रीकाठच्या गावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही सगळीकडची रीत. आणि माहेरी आईच सुईण! अंगाने किरकोळ असलेल्या लेकीसाठी रंगूबाईच्या मनात दुसरा विचारच नव्हता. सातव्या महिन्यात ती शकूला आणायला गेली. विहीण सगुणाबाईने तिला अंगणातच थांबवलं.

"राग नका धरू, इनबाय," सगुणाबाई ओटीवरून म्हणाली. "तुमच्या तोंडावर हाय ते माज्या नातवाला लागलं तर? पोरगी इथंच बाळंत व्हईल."

"मी महाडच्या डाक्तराला दाखवते. त्याचं तरी ऐकाल?"

"बघू."

रंगूबाई महाडला गेली. डॉक्टर तरुण होता आणि सरळ होता. त्याने गालावर सुई टोचून पाहिली, दुखतं का विचारलं, कोपराजवळच्या शिरा चाचपल्या. "ही रक्तपिती नव्हे, एवढं मी खात्रीने सांगतो," तो म्हणाला. "पण हे काय आहे ते मला माहीत नाही. आणि माहीत नसताना औषध देणार नाही. तुम्ही ऊन टाळता, तेच चालू ठेवा." रंगूबाईला त्याचा राग आला नाही. उलट इतक्या वर्षांत "माहीत नाही" म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला, म्हणून तिला बरं वाटलं.

सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं. "पण डाक्तराला ह्याचं नाव म्हाईत नाय, मंग ते रक्तपिती नाय हे कसं म्हाईत?"

रंगूबाईच्या जागी दुसरी असती तर अंगणात बोटं मोडून, सात पिढ्यांचा उद्धार करून गेली असती, आणि मी तिला दोष दिला नसता. रंगूबाई फणसाच्या सावलीत खाली बसली. बोटाने माती उकरली. मग म्हणाली, "बरं. मला नाय हात लावू देत, तर तुमच्या हातांना शिकवते. पोरीला कोनाच्या तरी जाणत्या हातात बाळंत होऊं दे."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ती डोंगर उतरून यायची आणि फणसाखाली बसायची. सगुणाबाई ओटीवर. मधे अख्खं अंगण. रंगूबाईने चिंध्यांचं एक बाळ शिवलं होतं, त्याला लुगड्याच्या काठाची नाळसुद्धा होती. ते ती ओटीवर फेकायची आणि इथून सांगायची, डोकं कसं धरायचं, कधी जोर करायला सांगायचा, कधी गप्प बसायचं. "वढू नका! ती काय काकडी हाय? त्याचं त्येला येऊं द्या." सगुणाबाई आधी लाजायची, मग चिडायची, मग एकदा चिंध्यांचं बाळ तिने इतकं नीट झेललं की दोघीही हसल्या. पण हसू ओसरलं की अंगण होतं तेवढंच रुंद राहायचं. आयुष्यभराची विद्या रंगूबाई अशी अंगणापलीकडून देत होती, आणि ज्या घरात देत होती तिथे पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्यापासून लांब ठेवला जात होता.

वैशाखात एका सकाळी निरोप आला, शकूला कळा सुरू झाल्यात. रंगूबाई उठली तशी निघाली. घाटाखालच्या आडवाटेला करवंदीच्या जाळीत इरलं अडकलं. ते सोडवत बसायला तिला धीर नव्हता. तिथेच टाकलं आणि रणरणत्या उन्हात उघड्या तोंडाने ती धावत सुटली. सावित्रीकाठी पोचेपर्यंत चेहरा सुजला होता, गाल पेटले होते, कातडी तडकून पाणी सुटलं होतं. अंगणातल्या बाया तिला बघून मागे सरल्या.

ती घरात शिरली नाही. ज्या खोलीत शकू होती तिच्या कारवीच्या कुडाला बाहेरून तोंड लावून बसली.

"इनबाय, मी आलंय."

"आये!" आतून शकू ओरडली.

"हाय मी, बाय माजी. घाबरू नको. सासू सांगंल तसं कर."

दुपार कलंडेपर्यंत ती कुडातून बोलत राहिली. लेकीचं कण्हणं हाताच्या अंतरावर ऐकू येत होतं आणि मधे शेणाने सारवलेल्या काटक्या होत्या. तिचे हात आपोआप पुढे जायचे आणि कुडाला लागून थांबायचे. एकाएकी सगुणाबाईचा आवाज चिरकला. "इनबाय! डोकं आलं, पन मानंला नाळ हाय! गुंडाळलीय! काय करू?"

"वढू नका. शकू, जोर बंद कर, नुसता श्वास सोड. इनबाय, नाळंखाली बोट घाला. गेलं?"

"गेलं."

"सैल हाय?"

"हाय."

"आता डोक्यावरनं काढा, पागोटं काढतात तशी. हळू."

आत काहीच ऐकू येईना. रंगूबाईने कपाळ कुडाला टेकवलं. कुडाच्या काटक्या सुजलेल्या कातडीत रुतत होत्या, ते तिला कळलंच नाही. मग पोर रडलं, चांगलं खणखणीत, सगळ्या गावाला शिव्या दिल्यासारखं.

"मुलगी हाय," आतून सगुणाबाई म्हणाली. "शकू चांगली हाय."

पुढचं सगळं, नाळ कापणं, वार पडणं, रंगूबाईने बाहेरूनच सांगून पार पाडलं. मग ती उठली, पदर झटकला आणि निघायच्या बेताने अंगणात आली. आपल्याला इथे कुणी बसा म्हणणार नाही, हे तिने गृहीतच धरलं होतं.

सगुणाबाई हात धुऊन बाहेर आली. थेट अंगण ओलांडून रंगूबाईच्या समोर उभी राहिली. त्या भडकलेल्या, पाझरणाऱ्या चेहऱ्याकडे तिने क्षणभर बघितलं. मग दोन्ही हात उचलून कपाळापासून हनुवटीपर्यंत गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. अंगणातल्या बायांच्या तोंडचं पाणी पळालं.

बायकांनी रक्तपितीचं नाव काढल्यापासून त्या चेहऱ्याला मायेने कुणाचा हात लागला नव्हता. रंगूबाई इतकी वर्षं कुणासमोर रडली नव्हती, ती तिथे हुंदके देऊन रडली. आणि रडता रडताही सुईणच ती, म्हणाली, "हात धुवा, इनबाय. आता लेकराला आंगूळ घालायचीय."

"नाय धुवायची," सगुणाबाई म्हणाली. ती आत गेली, त्याच हातांनी नातीला उचलून बाहेर आणलं आणि रंगूबाईच्या ओटीत ठेवलं. "आंगूळ तुमी घाला."